उत्तरं चुकवणारा साक्षीदार

वसईतल्या पोलीस नोकरीत माझ्यापुढे अनेक गुन्हे आले नि गेले, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरचा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला तो तपास अजून मनातून जात नाही.

एक मच्छीमार संध्याकाळी स्वतःच्या पडवीत डोकं फुटून बेशुद्ध सापडला. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. वैद्यकीय अहवाल स्पष्ट होता: जखम पडून झालेली नाही, कोणीतरी जाड लाकडाने मारलं आहे. गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. खबऱ्याने सांगितलं की, त्याच सकाळी मासळीच्या लिलावात त्याचं होडीतल्या भागीदाराशी जाळ्यांवरून भांडण झालं होतं. 'डोकं फोडीन तुझं,' असं भागीदार सगळ्यांदेखत म्हणाला होता. मी भागीदाराला अटक केली. दोघे लहानपणापासूनचे मित्र. भागीदार एवढंच म्हणत राहिला, "रागात बोललो, सायेब. हात नाय लावला."

जखमी शुद्धीवर आल्यावर मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो.

"कोणी मारलं?"

"काय पन आठवत नाय."

"भागीदाराने?"

"तो नसंल. पन आठवत नाय."

डॉक्टरांनी विचारलं, तर त्याला सकाळचं जेवणही आठवेना. मार डोक्याला होता, तेव्हा हे शक्य होतं. पण ज्याला खरंच आठवत नाही तो धडपडतो, कपाळ चोळतो, उलट आपल्यालाच विचारतो. हा मात्र प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता.

मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी करवली. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एकेक चित्र दाखवलं. मग दोन-दोन चित्रं पुढे ठेवून, यातलं आधी कोणतं पाहिलं, एवढंच विचारलं. त्याची जवळजवळ सगळी उत्तरं चुकली. मला वाटलं, स्मृती गेलीच.

बाई म्हणाल्या, "साहेब, डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. इतकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. यांना आठवतंय. पण सबुरीने घ्या, माणूस घाबरलेला आहे."

मी स्वतः त्याला घरी सोडायला गेलो. दारात आई उभी होती. तिने त्याच्या डोक्याच्या पट्टीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "कोनी मारलं रे माज्या बाळाला? हात मोडो मेल्याचा."

त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि रडू लागला.

बाहेर होड्यांपाशी आम्ही बसलो. मी म्हणालो, "तुझा मित्र कोठडीत आहे. त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसते."

मग तो म्हणाला, "आयेनं मारलं, सायेब. अंधार पडला का तिला मी वळखू येत नाय. चोर समजली. तिला आता त्यातलं काय पन आठवत नाय. पडलो बोललो असतो, पन डॉक्टर मानत नव्हते. मलाच आठवत नाय बोललो तर तुमी त्याला सोडाल, असं वाटलं. तिला चौकीत नेली तर भीतीनं मरंल ती."

तिला आम्ही ठाण्यात बोलावलं नाही. डॉक्टरांना घरी नेऊन तिची तपासणी केली, दारामागचा दांडका पंचांसमक्ष ताब्यात घेतला, शेजाऱ्यांचे जबाब नोंदवले. गणवेश मी मुद्दाम घातला नव्हता. भान हरपलेल्या माणसाच्या हातून घडलेलं कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. न्यायालयाने आमचा अहवाल मान्य केला.

भागीदार सुटला तो थेट मित्राच्या घरी गेला. पुन्हा भांडण होईल म्हणून मी मागोमाग गेलो. तो मित्राला म्हणत होता, "मला सांगायचं ना, येड्या. आयेसाठी अजून बसलो असतो आत."

तोवर खोटं पकडलं की माझा आवाज चढायचा. त्यानंतर मी समोरच्याला आधी बसायला सांगू लागलो आणि विचारू लागलो, "कोणाला वाचवतोयस?" पुष्कळ जण स्वतःलाच वाचवत असत, ते लगेच बोलू लागत. जे मान खाली घालून गप्प राहत, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन येत असे.