शंभराला चार जास्त

माझा मेहुणा बुटात घालायचे तळ करतो. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, टाच झिजली आहे किंवा तळवा वाकडा आहे, ती माणसं त्याच्याकडे येतात. सव्वीस वर्षं हेच काम. बायकोचा धाकटा भाऊ, वय एकसष्ट. एका खोलीचं वर्कशॉप. दाराशी बाकडं, खिडकीखाली कॉम्प्युटर, मागच्या भिंतीला फोमचा ठोकळा कोरणारं यंत्र.

तो पायाचा ठसा घेतो, कॉम्प्युटरवर तळ आखतो, यंत्र तो कोरतं, आणि शेवटच्या कडा तो हाताने घासतो. मी अडतीस वर्षं लेथवर काढली. दुसऱ्याच्या कामाला सहजासहजी चांगलं म्हणत नाही. त्याचं काम चांगलं आहे.

यंदा त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला, डिस्क तेवढी वाचली. नवा आणला, तर त्याने तळ आखायचा प्रोग्राम उघडायलाच नकार दिला. प्रोग्राम यंत्रासोबत आलेला, आणि यंत्र करणारी कंपनी बुडून जमाना झाला. त्यात चारशे गिऱ्हाइकांचे पाय साठवलेले. ते पाय म्हणजेच त्याचा धंदा.

त्याची मुलगी एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. ती म्हणाली, "बाबा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या सिस्टिम असतात. फुकट मिळतात. आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं. त्यातली एक तर असले जुने प्रोग्राम चालावेत म्हणूनच लिहितायत."

"किती वर्षं लिहितायत?"

"वीस-पंचवीस झाली असतील."

"आणि अजून झाली नाही?"

"नाही."

"मग माणसं माझ्यासारखी दिसतात. घाल."

तिने घातली. पडदा जुन्यासारखाच दिसला, प्रोग्राम उघडला, चारशे गिऱ्हाइकांचे पाय जागच्या जागी. पण सिस्टिम कामाच्या मध्येच गोठायची. यंत्र अर्धा तळ कोरून उभं राहायचं. आठ दिवसांत अकरा ठोकळे वाया गेले. ते त्याने टाकले नाहीत, कोपऱ्यात रचून ठेवले.

मग मुलीने दुसरी घातली. "ही मध्येच बंद पडत नाही. मात्र हिला तुमचा प्रोग्राम परका आहे. मध्ये एक दुभाष्या बसवलाय. प्रोग्राम जे बोलेल ते तो हिला समजावून सांगेल."

तीन आठवडे यंत्र एकदाही थांबलं नाही. मेहुणा खूश. मलाही काही खोट दिसली नाही.

चौथ्या आठवड्यात टपालवाली आली. तिचा डावा पाय चोवीस मिलिमीटर आखूड. अकरा वर्षं ती त्याच्याकडचेच तळ वापरते, आणि दिवसभर पिशवी घेऊन चालते. नवे तळ तिने बाकड्यावर ठेवले. "चार दिवस कंबर धरली. आधी वाटलं, माझंच वय झालं. मग जुने घातले, तर थांबलं."

त्याने दुसरी जोडी केली, जिवापाड जपून. तीही तिने परत आणली. म्हणाली, "शनिवारी येते. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा. राग नाही."

राग नाही, हेच त्याला लागलं. तो आमच्याकडे आला आणि जेवणाच्या टेबलावर हात पसरून बसला.

"भाऊजी, हात गेला माझा."

हात स्थिर होता. मी तसं सांगितलं.

"दिसतो स्थिर. शनिवारची जोडी चुकली तर वर्कशॉपला कुलूप लावतो. लोकांना लंगडं करायला बसलोय का मी?"

"लंगडे तर ते तुझ्याकडे येतानाच असतात," त्याची ताई म्हणाली.

तो हसला नाही.

गुरुवारी मी माझा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन गेलो. टपालवालीच्या तळाची उंची पडद्यावर चोवीस होती. तळ मोजला, पंचवीस भरला. पुन्हा मोजला, पंचवीस.

आधी कटर बदललं. नव्या कटरनेही पंचवीस. मग यंत्राचा स्क्रू पाहिला, कुठे ढिला नव्हता. फोम दबून फुगतो की काय म्हणून दुसऱ्या गठ्ठ्यातला लावला. पंचवीस.

"पडदा खोटं बोलतो का?" मेहुण्याने विचारलं.

"पडद्याला काय पडलंय."

"मग मी खोटं आखतो."

"तू चोवीसच आखलंस. मी बघत होतो."

"मग?"

यंत्र ठीक, फोम ठीक, आखणी ठीक, आणि तळ चुकीचा. अशी वस्तू माझ्या हाताखालून कधी गेली नव्हती.

मी कोपऱ्यातले अर्धवट ठोकळे काढून बसलो. त्यातल्या एकावर टपालवालीचीच टाच कोरलेली होती. पहिली सिस्टिम तेवढं करून गोठली होती. टाचेची रुंदी पडद्यावर बासष्ट, ठोकळ्यावरही बासष्ट. नव्या तळाची टाच चौसष्ट पूर्णांक सहा. लांबी आखलेली दोनशे चाळीस, भरली दोनशे पन्नास. मी आकडे बाकड्यावर पेन्सिलीने लिहिले.

कटर झिजलं तर ते सगळीकडे सारखं चुकतं. स्क्रू ढिला असेल तर दर वेळी वेगळं चुकतं. इथे माप जितकं मोठं तितकी चूक मोठी. शंभराला साधारण चार जास्त, प्रत्येक ठिकाणी. ही चूक यंत्राची नव्हे. यंत्राला मापच तसं सांगितलं जात होतं.

शुक्रवारी मुलीला बोलावलं.

"आतोबा, सिस्टिम एकदम स्थिर आहे. एकदाही पडली नाही."

"पडली नाही, पण चुकतेय."

"चुकली असती तर एरर आला असता."

"आलाय. व्हर्नियरवर."

मी तिला बाकड्यावरचे आकडे दाखवले. तिने भागाकार केला. मग म्हणाली, "शहाण्णवचे शंभर केले होते मी."

"कशाचे?"

"बाबांना बारीक दिसतं म्हणून ही सिस्टिम घालताना अक्षरं मोठी केली होती. अजून वाढवली असती तर खिडकी पडद्याबाहेर गेली असती, म्हणून जरा, एवढीशीच. हा प्रोग्राम पडद्याला विचारतो, एका इंचात किती ठिपके? शहाण्णवऐवजी शंभर ऐकून तो तळ तेवढाच मोठा करून कोरायला पाठवतो."

"माप पडद्याला विचारायचं?" मी म्हणालो. "असलं काम कुणी शिकवलं त्याला?"

"ज्याने लिहिलं त्याने. जुन्या कॉम्प्युटरवर अक्षरांना कुणी हातच लावला नव्हता, म्हणून कधी कळलं नाही."

म्हणजे जी सिस्टिम दिवसातून एकदोनदा गोठत होती तिची मापं बरोबर होती, आणि जी तीन आठवडे एका दमात चालली तिच्यामुळे टपालवालीची कंबर धरली. मुलगी म्हणते, यात सिस्टिमचा दोष नाही. प्रोग्रामचाही नाही, त्याच्या काळात तसंच चालायचं. तिने तर बापासाठी केलं. दोष कुणाचाच नाही, आणि तळ चुकीचा. मला हे अजून नीट बसत नाही.

"आणि बाबा, तुम्ही तर म्हणालात, आता छान दिसतं."

"मला काहीच फरक दिसला नव्हता," मेहुणा म्हणाला. "तू एवढं बसून केलंस, म्हणून म्हटलं."

तिने अक्षरं पूर्ववत केली. चोवीस आखलं, चोवीस भरलं. बासष्टला बासष्ट. मेहुण्याने व्हर्नियर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोजलं, तीनदा.

शनिवारी टपालवालीने तळ घातले. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, समोरच्या इमारतीचा जिना चढून उतरली. मेहुणा दारात उभा. कुलूप किल्लीसकट बाकड्यावर ठेवलेलं होतं. त्याने ते खरंच काढून ठेवलं होतं.

"हे माझे," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्यावर टाकून कामाला गेली.

त्या तीन आठवड्यांत आणखी चार जणांचे तळ गेले होते. त्याने चौघांना निरोप पाठवले: तळ चुकलेत, नवे करून देतो, फुकट. तिघे आले. दोघांना वाटत होतं, वापरून बसतील. एकाने तर पेटीतून काढलेही नव्हते.

चौथा सलूनवाला. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, दिवसभर उभा राहणारा. तो तळ न आणताच आला.

"देणार नाही," तो म्हणाला. "इतका निवांत मी कधी उभा राहिलो नव्हतो. असलीच अजून एक जोडी करा."

"अहो, पण ती चुकीची आहे."

"माझ्या पायाला तसं काही म्हणायचं नाही."

मेहुण्याने त्याला बाकड्यावर बसवलं आणि ठसा पुन्हा घेतला. नऊ वर्षांपूर्वीच्या ठशावर ठेवला. तंतोतंत जुळला. पुन्हा घेतला, पुन्हा जुळला. सलूनवाला उघड्या पायाने बसून आम्हा दोघांकडे बघत होता.

"भाऊजी, मग ह्याचं खरं माप कोणतं?"

मी व्हर्नियर खिशात ठेवला. पायाला काय आवडतं ते त्यावर येत नाही.

मेहुण्याने दोन्ही ठसे बाकड्यावर ठेवले. मग त्याने मुलीला फोन लावला आणि अक्षरं पुन्हा तेवढीच मोठी कशी करायची ते कागदावर उतरवून घेतलं.