मिंचोचा जॅक

झेल्याझकोकाका कामाला हात घालण्याआधी लग्नाची अंगठी काढून खिळ्याला अडकवायचे. तेल बोटांत चोळून आधी त्याचा वास घ्यायचे. टोमॅटो न कापता, पेरूसारखा चावून खायचे. गाडी उचलायच्या जॅकचा दांडा आपटून ठेवणाऱ्याला बसायला स्टूल देत नसत. गप्पा रंगल्या की रेडिओ बंद करत नसत, त्याच्यावर टोपी ठेवत.

गेल्या आठवड्यात ते सकाळी उठलेच नाहीत. इमारतीच्या दारावर आता त्यांचा फोटो छापलेला निधनाचा कागद चिकटवला आहे. येणारे-जाणारे तो वाचतात आणि पुन्हा वाचतात.

बल्गेरियातल्या आमच्या गाब्रोवो गावाच्या यंत्रमाग कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर इमारतीमागच्या गॅरेजांच्या रांगेतलं त्यांचं गॅरेज उघडं राहू लागलं. शेजारचे बिघडलेलं काहीही आणून टाकत. जॅक आले की काका खूश असत.

शेवटचा जॅक मिंचोचा. मिंचो त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार. त्याचा ट्रॉली जॅक गाडी उचलायचा आणि हळूहळू खाली बसायचा. काकांनी बूच काढून वास घेतला आणि मिंचोकडे नुसतं पाहिलं. घरात उरलेलं ब्रेक ऑइल वाया जाऊ नये म्हणून मिंचोने ते जॅकमध्ये ओतलं होतं. आतली रबरी सीलं फुगून लिबलिबीत झाली होती.

"गाडीखाली आधाराला लोखंडी घोडी लावतोस ना?" काकांनी विचारलं.

"पाठीवर सरकायचं, नट पिळायचा, बाहेर यायचं. तेवढ्यासाठी घोडी कशाला?"

दुसऱ्याच दिवशी काकांनी जॅक खोलून धुतला, नवी सीलं बसवली, तेल भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हायड्रॉलिक तेल भरलं. झडप उघडी ठेवून दांडा खालीवर केला, आतली हवा घालवली. मग झडप बंद करून स्वतःची गाडी त्यावर चढवली. संध्याकाळपर्यंत ती तसूभरही खाली आली नाही.

पण मिंचोला त्यांनी सांगितलं, सीलं अजून आली नाहीत.

जॅक हातात पडला की हा तसाच, घोडी न लावता गाडीखाली शिरणार, हे त्यांना ठाऊक होतं. नकार दिला असता तर त्याने दुसऱ्याचा जॅक मागून आणला असता. उद्या मिळेल म्हटलं की तो थांबायचा. तेवढ्या वेळात जाड लोखंडी नळ्या कापून त्याच्यासाठी घोड्यांची जोडी करायला काकांनी घेतली.

मिंचो रोज दारात यायचा. सगळा देश आम्हा गाब्रोवोकरांच्या कंजूषपणावर हसतो, त्यात आम्हीही मागे नसतो.

"काय रे, सीलं सोफियाहून चालत येतायत का?"

"गाब्रोवोचीच आहेत. बसभाडं वाचवतायत."

मिंचो हसत परत जायचा. काकूंना, त्सोन्काकाकूंना, सगळं माहीत होतं.

"झेल्याझको, तुला खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "कान लाल होतात तुझे."

"म्हणून तर त्याच्याशी गाडीखालून बोलतो."

अंत्यविधीनंतर काकूंनी शिजवलेले गोड गहू वाटले. लोक पांगल्यावर त्यांनी मिंचोला गॅरेजमध्ये नेलं. स्वच्छ पुसून ठेवलेला जॅक दाखवला आणि तो कधीचा तयार होता, का दिला नाही, तेही सांगितलं. मिंचोने दांडा दाबला. जॅक वर चढला आणि तिथेच राहिला.

"घेऊन जा," काकू म्हणाल्या.

"राहू दे इथेच. घोड्यांशिवाय नको."

कामाच्या टेबलावर एक घोडी हिरवा रंग देऊन वाळत ठेवली होती. दुसरी टेबलाच्या व्हाइसमध्ये आवळलेली होती, तीन पायांची. चौथा पाय मापाने कापून, कड घासून शेजारी ठेवला होता. तेवढा वेल्डिंगचा डाग द्यायचा राहिला होता.