हिराच्या मागं कोण चाललं होतं

मंडळी, आज सकाळचं सांगतो. कॅफेत बसून लिहितोय.

आमच्या डिंगोरे गावच्या शाळेतल्या बाई चौथीचा वर्ग डोंगरवाटेवर नेतात आणि पोरांना धुळीतले ठसे वाचायला शिकवतात. कॉलेज सोडल्यापासून मी मोकळाच, आणि बाई मला लई आवडतात, म्हणून राखणीला मी जातो. रांगेत सगळ्यात मागं चालायचं, एवढंच माझं काम.

आज चढणीआधी बाईंनी सांगितलं, "माझं लग्न ठरलंय." माझं डोकंच फिरलं. रांग सोडून मी तरातरा माथ्यावर निघून गेलो.

चढताना पोरांत सगळ्यांत मागं असलेली हिरा उतरताना थांबली. "बाई, माझ्या चपलेच्या ठशावर वाघाचा पाय हाय."

"कुत्र्याचा असंल गं," एक पोरगा हसला.

"मंग नखं कुठंयत? कुत्र्याची तर उमटत्यात."

ती ठसे वाचत पुढं निघाली. "हितं मी बोरं वेचाया बसले व्हते. हितं त्यो बी बसलाय. मी उठले, मंग त्यो बी उठला."

आता कुणीच हसत नव्हतं.

बाईंनी मला विचारलं, "चढताना तुम्ही होता ना हिच्या मागं?"

"हो," मी म्हणालो.

हिरानं माझ्या बुटांकडं पाहिलं, मग धुळीकडं पाहिलं. तिच्या मागं माझ्या बुटाचा एकही ठसा नव्हता. तिनं बाईंचा हात घट्ट धरला.

उद्या बाईंना खरं सांगणार आहे. मग माझ्यावर कुणी पोर सोपवणार नाही. पण हिरा रोज त्याच वाटेनं एकटी शाळेत येते. तुमच्यातलं कोण येतंय, राव, तिच्या मागं चालायला?