शब्दांवरचा पहारा

पालीला, सासूला, आयकर खात्याला भिणारी माणसं पुण्यात ढिगानं सापडतील. पण स्वतःच्याच तोंडातले शब्द एखाद्या सकाळी न सांगता निघून जातील, या भीतीनं त्यांच्यावर अष्टौप्रहर पहारा ठेवणारा माणूस या शहरात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. मामा टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होते. लोक नाव सांगायचे आणि मामा नंबर सांगायचे, तोही पुस्तक न उघडता. अशा माणसाला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला आणि त्यातून उठल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला, ‘चालायचंच’. भूक लागली तरी ‘चालायचंच’, पाय दुखला तरी ‘चालायचंच’, नात झाल्याचे पेढे आले तेव्हाही तेच. आम्ही लोणी काळभोरला त्यांना भेटायला जायचो तेव्हा बाकीचे डोळे पुसत आणि मामा भिंतीला टेकून भावाच्या तोंडाकडे टक लावून बघत बसत. परत येताना गाडीत ते एकदाच म्हणाले, “आत सगळा माणूस तसाच आहे रे. फक्त दार बंद झालंय.” त्या दिवसापासून या गृहस्थाची झोप गेली.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर चालतो. झालं! मामांनी स्वतःच्या डोक्याचे सरळ दोन भाग केले. उजवी बाजू काय, असली काय नसली काय. डाव्या बाजूला मात्र त्यांनी लहान बाळासारखं जपायला सुरुवात केली. हेल्मेटचा विषय निघाला की पुण्यातली शांत माणसंही मोर्चा काढतात, पण मामा ते आनंदानं घालत. स्कूटरवर घालतच, शिवाय रिक्षातही घालत, आणि एकदा नारळाच्या झाडाखालच्या मुंजीत जेवताना घातलेलं मी स्वतः पाहिलंय. लग्नात मंगलाष्टकं संपत आली की ते डाव्या कानावर पंजा धरून उभे राहत. अक्षता लागतात का कधी, असं कुणी विचारलं तर म्हणत, “तांदूळच आहेत, पण मारणारे पुणेकर आहेत.”

रोज सकाळी आरशासमोर त्यांची परीक्षा चाले. आधी सगळे दात दिसतील असं हसायचं, तोंड एका बाजूला ओघळत नाही ना हे बघायचं. मग दोन्ही हात वर करून धरायचे आणि एखादा खाली येतोय का ते पाहायचं. शेवटी स्वतः रचलेलं वाक्य न अडखळता म्हणायचं: “कात्रजच्या काकूंनी कढईतली कडक कुरडई काढून कोथरूडच्या काकांना दिली.” मामी स्वयंपाकघरातून ओरडत, “मिळाली का हो कुरडई? मग चहा प्यायला या.” परीक्षा घरापुरती राहती तरी चाललं असतं. पण मामांनी सोसायटीतल्या वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना ती घोटून शिकवली. लिफ्ट बंद पडून आत चार माणसं अडकली असताना त्यांनी आतल्यांना हात वर करायला लावले होते, हे सेक्रेटरी अजून सांगतात. यातलं एक जरी चुकलं तर घड्याळ बघायचं आणि मिनिट न घालवता हॉस्पिटल गाठायचं, हे सांगताना मात्र मामांचा आवाज इतका खाली येई की हसणारे गप्प होत.

भावासारखा एकच शब्द आपल्या वाट्याला आला तर तो कोणता असेल, ही त्यांची दुसरी काळजी. त्यांनी ऐकलं होतं की पुष्कळांच्या तोंडी शेवटी शिवीच उरते, कारण ती जिभेवर घट्ट बसलेली असते. तेव्हापासून त्यांनी शिव्या देणं बंद केलं. कर्वे रस्त्यावर रोज स्कूटर चालवणाऱ्या माणसानं हे करावं, याला काय म्हणतात ते पुणेकरालाच कळेल. शिवीच्या जागी एखादा सभ्य शब्द रुजवावा म्हणून त्यांनी ‘कृपया’ निवडला आणि येता-जाता त्याचा जप सुरू केला. मामी म्हणाल्या, “कृपया कृपया करत फिरलात तर लोकांना वाटेल, भिंतीवरची पाटीच चालत आली.”

पण त्यांचा सगळ्यात कडक नियम असा की ते एखाद्या शब्दासाठी अडले तर तो कुणी सांगायचा नाही. आयता शब्द मिळाला की मेंदू आळशी होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. शब्द अडला की मामा उजवा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर करत आणि म्हणत, “सांगू नका!” मग आपण गप्प उभं राहायचं. वाण्याच्या दुकानात ‘शहाजिरे’ आठवेना तेव्हा मागे रांग लागली. वाणी म्हणाला, “काका, सापडला की या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहोत.” मामांनी हात खाली घेतला नाही. शहाजिरे मिळालं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो उकाड्याचा नव्हता. माझी कॉलेजात जाणारी मुलगी एकदा त्यांच्यासमोर म्हणाली, “बाबा, ते पास कर ना, ते... अरे यार, ती थिंगी!” मामा पांढरे पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “हिचं आत्तापासून सुरू झालंय. दाखवून आण.”

आम्ही हसायचो. पण खरं सांगतो, या माणसाच्या संगतीत माझ्याही पोटात भीती शिरली होती. एका सकाळी मला ‘किसणी’ आठवेना. ओट्यापाशी हातात गाजर धरून मी उभा, किसणी समोर टांगलेली, तिचा उपयोग माहीत, तिच्यावर बोट कापल्याची खूणही अंगठ्यावर, आणि नाव मात्र कुठंच नाही. दोन क्षणांत ते आलं. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो किती बारीक धाग्यावर लोंबकळतोय, हे त्या गाजरानं मला दाखवलं. बायकोला काही बोललो नाही, पण त्या दिवशी आरशासमोर जरा जास्त वेळ हसून पाहिलं.

मग तो रविवार आला. सोसायटीची वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरली होती आणि आम्ही त्याच सोसायटीत राहत असल्यानं मीही होतो. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तसे मामा उठले. “अध्यक्षमहाराज, गेल्या वर्षी आपण जी...” म्हणाले आणि थांबले. “जी... ती...” सगळे सवयीनं गप्प झाले. मामांशी टाकीवरून हाडवैर असलेले सेक्रेटरीसुद्धा चष्मा काढून अदबीनं वाट बघत बसले. कुणी खोकलं नाही. खुर्ची सरकवली नाही. मामांच्या ओठांतून काहीतरी आलं, ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. तरी आम्ही थांबलो. इतक्या वर्षांचं वळण! एवढी शहाणीसुरती माणसं एका माणसाला बुडताना बघत होती आणि कुणी हात देत नव्हतं, कारण त्यानंच तसं सांगून ठेवलं होतं. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आज त्यांनी हात वर केलाच नव्हता. उजवा हात बाजूला नुसता लोंबत होता, आणि डोळे एकेका चेहऱ्यावरून विनवत फिरत होते.

मागच्या रांगेतून मामी उठल्या. “अहो, वाट कसली बघताय सगळे! त्यांना बोलता येत नाहीये!” त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर मात्र त्याच माणसांनी एक क्षण वाया घालवला नाही. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी “मामा, हसून दाखवा” म्हटलं, वॉचमननं त्यांचे दोन्ही हात वर धरून सोडून पाहिले आणि उजवा पडला तसा तो गेट उघडायला धावला. सेक्रेटरींनी स्वतःची गाडी काढली आणि कुणाला न जुमानता सिग्नल तोडले. वेळेत आणलंत म्हणून बरं, असं हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले तेव्हा सेक्रेटरी कोपऱ्यात जाऊन रडले.

जीव वाचला, हातही हलू लागला. बोलणं आलं नाही. पेन दाखवलं की मामा त्याच्याकडे ओळखीनं बघत, ओठ उघडत, आणि आत काहीच नसल्यासारखे मिटत. ते ‘कृपया’सुद्धा कुठं गेलं कोण जाणे. ज्या दिवसाला ते इतकी वर्षं घाबरले तो दिवस येऊन बसला होता, आणि तो आल्याचं त्यांना पुरतं कळत होतं. मला त्या खोलीत जायची भीती वाटायची.

उपचार करायला येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट मॅडम तरुण होत्या, पण धीराच्या. त्या म्हणाल्या, “नवीन बोलायचं तर शब्द शोधून जुळवावा लागतो. पाठ झालेलं बऱ्याचदा दुसऱ्या वाटेनं येतं. काही पाठ असेल ते सुरू करून द्या.” माझ्या बायकोनं ‘बे एके बे’ म्हटलं आणि मामांनी तो पाढा एका दमात संपवला! मामा स्वतःच दचकले. आणि लगेच पाणी मागायचं होतं, तर तो शब्द नव्हता.

मग मॅडमनी मामींकडे बोट दाखवलं. “आजोबा, या कोण? नाव सांगा बरं.” मामा बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी तेव्हा पाहिली ती कुणाच्याही डोळ्यांत पुन्हा दिसू नये. मामी पुटपुटल्या, “त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही हो. ‘अगं’ म्हणत आले जन्मभर. आता कुठून सापडणार?” त्यात तक्रार नव्हती. त्यांच्या पिढीची ती रीतच होती. मामी बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, “एकदाच घेतलं होतं. लग्नात, जिलबी भरवताना.” आणि लाजत, आमच्याकडे न बघता, त्यांनी उखाण्याची सुरुवात करून दिली, “टेलिफोनच्या तारेवर चिमण्या बसल्या चार...”

“कुमुदला भरवतो घास,” मामा म्हणाले, अगदी स्वच्छ, “पण लाजते फार.”

मामींनी पदर तोंडाला लावला. हे नाव मी आमच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर वाचलं होतं. कानांनी ऐकलं ते त्या दिवशी.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. थोडे शब्द परतलेत, पुष्कळ परतलेले नाहीत, आणि परतणारही नाहीत, असं मॅडमनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलंय. संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीत जाऊन बसतो. मामा रस्त्याकडे बघत असतात. काही हवं झालं की आतल्या खोलीकडे मान वळवून, जोर करून हाक मारतात, “कुमुद!” आत भांड्यांचा आवाज थांबतो. पण मामी पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाहीत. मला माहीत आहे, त्या तिथं दाराआड उभ्या असतात, नुसत्या ऐकत. इकडे गॅलरीत मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो, कारण दुसऱ्यांदा तो शब्द सापडेल की नाही हे कुणालाच, मामांनाही, ठाऊक नसतं. मामा कपाळाला आठ्या घालतात, ओठ जुळवतात, आणि पुन्हा म्हणतात, “कुमुद.”

“आले हो,” आतून मामी म्हणतात.