राणी कलरचा चिखल

हातात पेढा ठेवला की माणूस तो आधी तोंडात टाकतो आणि मग विचारतो, "कशाबद्दल?" आमच्या कुठूनताई पेढा हातातच धरून ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुठून?" ऑफिसातल्या एकाचा मुलगा बारावी पास झाला. बाप बॉक्स घेऊन टेबलाटेबलांवर फिरत होता.

"मुलगा पास झाला, ताई! फर्स्ट क्लास!"

"वा! कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

"तू निकाल पाहिलास?"

बापाने पाहिला नव्हता. बिचाऱ्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला, नंबर घातला, स्क्रीन गोल गोल फिरत राहिली आणि आम्ही सगळे त्याच्या खांद्यावरून डोकावत उभे. मुलगा खरोखरच पास झाला होता. ताईंनी पेढा खाल्ला. म्हणाल्या, "आता गोड लागला." बापाला मात्र त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही.

त्यांचं खरं नाव चांगलं होतं, पण वापरात नव्हतं. नवीन पनवेलमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं नकाशांचं छोटंसं ऑफिस. खालून ड्रिलचा आवाज आणि वरून ताईंचा, दोन्ही सारखेच दाढेत जाणारे. मी तिथे नकाशे विकायचं काम करायचो, म्हणजे गिऱ्हाइकांपुढे उभं राहून बोलायचं. हौशी नाटकांत कामं केलेली, त्यामुळे बोलण्याची मला ददात नव्हती. ताई मला 'नाटक्या' म्हणायच्या. मी एखादा किस्सा रंगात येऊन सांगू लागलो की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हे तू पाहिलंस, ऐकलंस, की आत्ता सुचलं?" रंगलेल्या किश्शावर कुणी एवढं थंड पाणी ओतू नये.

बाजारातसुद्धा तेच. डोंगरपट्ट्यातून बायका रानभाजी घेऊन यायच्या. सगळी दुनिया वाटा उचलायची आणि निघायची. ताई उकिडव्या बसून विचारणार, "कुठून आणलीस गं?"

"डोंगरातनं."

"कुठला डोंगर?"

"डोंगराला काय नाव रहातं व्हय बाय? डोंगर तो डोंगर."

"बरं, कुठल्या अंगाने चढलीस?"

त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की बाबा रे, हिला घरी ने. मी तरी कुठे नेणार? मला स्वतःलाच रोज आठ तास त्यांच्यासमोर बसायचं होतं.

आता आमचं काम सांगतो, म्हणजे माझं दुःख कळेल. जमीन आणि समुद्राचा तळ, दोघांची उंची-खोली दाखवणारा एकच सलग नकाशा आम्ही बनवायचो. ऐकायला सोपं वाटतं. पण जमिनीची उंची विमानातून मोजलेली, समुद्राची खोली होडीतून. काही आकडे नवे, काही आजोबांच्या वयाचे. त्यात जमीनवाल्यांचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी आणि दर्यावाल्यांचं शून्य म्हणजे मोठ्यात मोठ्या ओहोटीचं पाणी. दोघांची शून्यंच वेगळी, तर पुढचा संसार काय होणार! आणि दोघांच्या मध्ये चिखल. तिथे होडी रुतते आणि गढूळ पाण्याखालचं विमानाला दिसत नाही. मग संगणक काय करतो? दोन खांबांना चादर बांधावी तसा या काठापासून त्या काठापर्यंत अंदाज ताणून बसवतो. चादर दिसते मात्र झकास. निळ्यातून हिरव्यात असा काही सुरेख उतार की गिऱ्हाईक हरखून जावं.

आणि नेमक्या याच क्षणी ताईंची गोधडी यायची. प्रत्येक नकाशाबरोबर त्या तेवढाच दुसरा नकाशा बनवायच्या. त्यात उंची नाही, खोली नाही, फक्त कुठला तुकडा कुणी मोजला ते रंगांत दाखवलेलं. विमानाचा हिरवा, होडीचा निळा, जुन्या तक्त्यांचा पिवळा. आणि जिथे कुणीच मोजलेलं नाही, नुसता अंदाज आहे, तिथे राणी कलर. तोही असा भडक, की लग्नाच्या मांडवातली करवलीसुद्धा लाजेल. म्हटलं, "ताई, निदान फिकट राखाडी तरी करा. जरा अब्रू राहील." म्हणाल्या, "अब्रू राहावी म्हणून नाही लावलेला. दिसावा म्हणून लावलाय."

तुम्हीच सांगा, मी काय करायचं? उत्तम कपडे घालून, आवाज लावून मी गिऱ्हाइकाला तो देखणा निळा-हिरवा नकाशा दाखवायचो. ते माना डोलवायला लागले की ताई मागच्या खुर्चीतून म्हणायच्या, "आता गोधडी दाखव." मुलगी पसंत पडल्यावर तिच्या आईने पुढे येऊन "हिला घोरायची सवय आहे हं" सांगावं, तसं. एका साहेबांनी विचारलंदेखील, "मॅडम, हे गुलाबी काढून टाकता येईल का?" ताई म्हणाल्या, "येईल की. होडी घेऊन जा, मोजून आणा. लगेच काढते."

हे सगळं मी सोसलं. पण धक्क्याच्या कामात माझा संयम सुटला.

करंज्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक छोटा कोळीवाडा आहे. तिथे धक्का नव्हता. ओहोटीला होड्या लांब थांबायच्या आणि बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मांडीभर चिखलातून काठावर यायच्या. एक जण घसरून पडली होती, तिचा पाय कायमचा अधू झाला. गावाने वर्षानुवर्षं अर्ज करून अखेर धक्का पदरात पाडून घेतला होता. आराखडा तयार होता, फक्त ठरल्या जागी ओहोटीलाही होडी टेकेल एवढं पाणी आहे का, हे आमच्या नकाशाने सांगायचं होतं. कागद पावसाळ्याआधी गेले नाहीत तर मंजुरी परत जाणार आणि गाव पुन्हा रांगेच्या शेवटी.

आणि गंमत म्हणजे पाणी होतं! आमच्याकडच्या जुन्या आकड्यांत ती जागा राणी कलरची होती, पण नुकताच आम्ही एक नवा, मोठा, भारदस्त नावाचा नकाशा मिळवला होता. त्यात तीच जागा, तीच खोली, आणि तीही मोजलेली म्हणून. अंदाज आणि मोजणी तंतोतंत जुळली! आम्ही टाळ्या वाजवल्या. मी खालून समोसे मागवले. ताई समोशाला हात न लावता पडद्याला नाक चिकटवून बसल्या.

"एवढं जुळतं?" त्या म्हणाल्या. "सख्ख्या बहिणींचं एवढं जुळत नाही."

"ताई, आनंदाची गोष्ट आहे!"

"इकडे बघ. ही खोलीत मध्येच पायरी पडलीय ना, सरळ रेषेत? समुद्राच्या तळाला अशी पट्टीने आखलेली पायरी नसते. ही संगणकाची चूक आहे, दोन तुकडे जोडताना राहिलेली. आपल्या अंदाजात आहे. आणि या नव्यातही आहे, त्याच जागी."

"म्हणजे?"

"म्हणजे ही दोन माणसं नाहीत, नाटक्या. एकाच माणसाला आपण दोनदा साक्षीला बोलावलंय. गालावरचा तीळसुद्धा तोच आहे."

मग त्यांनी त्या नकाशाचं माहेर शोधायला घेतलं. ज्यांच्याकडून तो मिळाला त्यांना विचारलं, त्यांनी ज्यांच्याकडून घेतला त्यांना गाठलं, आणि फोन करत करत माग फिरून आमच्याच दाराशी येऊन थांबला. तो आकडा आमच्याच ऑफिसातून गेलेला होता. खुद्द ताईंनी, कितीतरी वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कामासाठी ताणून बसवलेली ती चादर. तेव्हा त्यांनी ती राणी कलरने रंगवूनच दिली होती. पण पुढे प्रत्येकाने नकाशा घेतला आणि गोधडी टाकून दिली. गोधडी कुणाला हवी असते? अशी दारोदार फिरून, नवं नाव लावून, ताईंचीच थाप ताईंच्या पुढ्यात मोजणी म्हणून येऊन बसली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. आपल्याला काहीच माहीत नाही. मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी गावचा नाखवा ऑफिसात आला. तांबूस डोळ्यांचा, दणकट म्हातारा. आल्या आल्या टेबलावर पंजा ठेवून म्हणाला, "बाय, सई कर. आमच्या बाया चिखलान मरतान, नि तू हितं पंख्याखाली बसून रंग भरते?"

"नाखवा, तिथे पाणी किती आहे?"

"मायंदाल हाय."

"कुणी सांगितलं?"

"माज्या बापानं."

"त्यांना?"

"त्याच्या चुलत्यानं. गावात कुनालाबी इचार, सगले ह्येच सांगतील."

"सगळ्यांना त्या चुलत्यानेच सांगितलं का?"

नाखव्याने डोकं खाजवलं. "आता... तसाच असंल. तो लय बोलायचा."

"तुम्ही स्वतः तिथे होडी लावलीत? ओहोटीला?"

"नाय. तितं लावत नाय आमी. सवय नाय."

"म्हणजे तुमचंही गुलाबीच," ताई शांतपणे म्हणाल्या.

मी उभा राहून ओरडलो. खरंच ओरडलो, खालचं ड्रिल थांबलं. म्हटलं, "ताई, बाया पडतायत, पाय मोडतायत, मंजुरी परत चाललीय, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याच्या बापाच्या मेलेल्या चुलत्याची उलटतपासणी घेताय!" त्या एवढंच म्हणाल्या, "धक्का चुकीच्या जागी झाला तर तो पुन्हा कुणी बांधून देणार नाही. त्या बाया जन्मभर धक्क्याकडे बघत चिखलातून चालतील." मग नाखव्याकडे वळल्या. "तुमची होडी कधी मोकळी आहे?"

तर अशा रीतीने मी, ज्याला बादलीतल्या पाण्याचीही धास्ती, पांढऱ्या शर्टात आणि पॉलिश केलेल्या बुटांत नाखव्याच्या होडीत बसलो. भरती होती. काठीला बांधून खोली मोजायचं यंत्र पाण्यात सोडलं आणि होडी त्या जागेवरून शेतात नांगर फिरवावा तशी इकडून तिकडे फिरू लागली. यंत्र बरोबर सांगतंय हे कशावरून, म्हणून ताईंनी नाखव्याला शिसं बांधलेली दोरीही टाकायला लावली. काठावर खुणेचा खांब रोवला होता, भरतीचं किती पाणी वजा करायचं ते बघायला. मी होडीच्या कडेवरून खाडीत माझ्या परीने भर घालत होतो. नाखवा म्हणाला, "सायेब, तुमी नका भर घालू. आधीच गाळ लय हाय."

ऑफिसात येऊन आकडे बसवले. आणि मंडळी, काय सांगू! खोली जवळजवळ तीच निघाली. पायरी नव्हती, बाकी तीच. धक्का ठरल्या जागीच होणार होता. ताईंचा अंदाज बरोबर होता, नाखव्याच्या बापाचा चुलता बरोबर होता, मी बरोबर होतो. एवढी धावपळ, एवढी भांडणं, माझे बूट, माझा शर्ट, कशासाठी? पडद्यावर बदललं काय, तर राणी कलरचा एक ठिपका निळा झाला.

नाखवा फोनवर गरजला, "मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंत," ताई म्हणाल्या. "आता मोजलंय." आणि सही केली. कागद वेळेत गेले.

मला राहवेना. म्हटलं, "शेवटी तेच निघालं ना, ताई?" पर्समधून त्या दिवशीचा शिळा समोसा निघावा तशा मुद्रेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेच निघालं, हे तुला आज कळलं. कालपर्यंत तू तेच निघेल असं म्हणत होतास. दोन्हीचा रंग एक नाही." मला आणखीनच राग आला.

पुढे ताई निवृत्त झाल्या. विचुंब्याचा फ्लॅट बंद करून नागपूरला भाचीकडे गेल्या. निरोपसमारंभात मी त्यांच्यावर भाषण केलं, लोक पोट धरून हसले, आणि त्या समोर बसून प्रत्येक किश्शाला बोटांनी खुणा करत होत्या. पाहिलेलं, ऐकलेलं, आत्ता सुचलेलं. आत्ता सुचलेलं बरंच निघालं.

धक्का मागच्या वर्षी बांधून झाला. नाखव्याने आग्रहाने बोलावलं. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. होडी येऊन अलगद टेकली, आणि ती पायाने अधू झालेली बाई धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती, टोपल्या तिच्या हातात येत होत्या. तिची साडी कोरडी होती. मी तिथूनच ताईंना फोन लावला. वाजत राहिला. संध्याकाळी भाचीचा उलट फोन आला. ताई महिनाभरापूर्वीच गेल्या होत्या.

मी विचारलं, शेवटी काही म्हणाल्या का? भाची म्हणाली, "माहीत नाही हो. मी तेव्हा खोलीत नव्हते. कुणीच नव्हतं."

आता माझ्यासारख्याला अशी मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. तिथे काय बसेल, ते मला पक्कं ठाऊक आहे. धक्क्याची बातमी ऐकून त्या काय म्हणाल्या असत्या तेही माहीत आहे, आवाजासकट करून दाखवीन. या काठावरून त्या काठापर्यंत अशी सुरेख चादर ताणीन की तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि बहुधा ते बरोबरही असेल.

पण तिथे कुणाची होडी गेलेली नाही.