घड्याळ कुणी मारलं?

"व्हय साहेब, घड्याळ मीच मारलं." पोलिसांसमोर मान ताठ ठेवून, वर कौतुकाची अपेक्षा ठेवून असं सांगणारी मुलगी मी अख्ख्या नोकरीत एकच पाहिली. ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग भीती वाटते.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत, हायवेला लागून, एका वयस्कर गृहस्थांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. तरुणपणी त्यांनी मोटारींच्या रॅलींमध्ये वेळ मोजण्याचं काम केलेलं. तेव्हाचं त्यांचं स्टॉपवॉच अजून चालू होतं. मुठीत मावणारं, चावीचं, एका नामांकित स्विस कंपनीचं. उन्हाळ्यात येडगाव धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या जमिनीवर तरुण मंडळी मोटारसायकलींची शर्यत भरवत. परवानगी रीतसर असे, ते मी आधी पाहत असे. तिथली वेळ याच घड्याळावर लागायची. त्या वर्षी शर्यत संपली आणि घड्याळ गायब झालं.

गृहस्थांच्या मुलाने फिर्याद दिली. अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल केला. दुसऱ्याच दिवशी बेल्ह्याच्या बाजाराला जनावरं नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली, "घड्याळ त्या गॅरेजवाल्या पोरीनं मारलं. म्या म्होरंच उभा व्हतो."

ही पोरगी पश्चिमेकडच्या डोंगरातली, भातशेतीवाल्या घरातली. आयटीआय करून गॅरेजात लागलेली, मागच्याच खोलीत राहायची. दक्षिणेतल्या एका मोठ्या रेसिंग ट्रॅकवर वेळ मोजणाऱ्या पथकात तिची निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती, आणि तो अर्ज माझ्याच टेबलावर होता. गुन्ह्यात तिचं नाव आलं की नोकरी गेलीच. फिर्यादी तर रोज यायचा. "साहेब, नाव घाला की तिचं. अजून काय पुरावा पाहिजे?"

मी म्हटलं, दमानं घ्या.

महिलेला ठाण्यात बोलवायचं नाही, राहत्या जागी विचारपूस करायची, हा नियम. महिला पोलीस सोबत घेऊन गॅरेजात गेलो. म्हातारबुवांनी चहा मागवला आणि घड्याळाचीच कथा लावली. पूर्वी मोठमोठ्या शर्यतींतही माणूस रेषेवर घड्याळ घेऊन उभा असे. अंगठा जरा उशिरा दाबला की जिंकलेला हरायचा. घड्याळाच्या कंपन्या आपली नावं ट्रॅकवर लावण्यासाठी भांडायच्या. आता गाडीत चिप बसवतात, ती रेषा ओलांडली की यंत्रच वेळ टिपतं. "पण यंत्र रुसलं तर? म्हणून हातात घड्याळ धरणारा माणूस अजून लागतो. ही पोर त्यासाठीच चाललीय," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

मी पोरीकडे वळलो. "घड्याळ तू मारलंस?"

"व्हय साहेब, मीच मारलं."

हवालदाराने पेन उघडलं.

"एकदाच?"

"एकदा कशापायी? सकाळधरनं समद्या फेऱ्यांना मीच मारलं. ह्ये बाबा म्हनले, लई भारी मारलंस."

चोरी करून वर मालकाची शाबासकी घेणारा चोर मी तरी ऐकला नव्हता. हवालदाराला म्हटलं, "थांबा, लिहू नका." आणि तिला म्हटलं, "मारलंस म्हणजे काय केलंस, करून दाखव बरं."

तिनं मूठ वर धरली आणि अंगठा दाबला. "झेंडा पडला की दाबायचं, चाक रेषेवर आलं की पुन्यांदा. ह्यालाच घड्याळ मारनं म्हनत्यात. तुमी काय म्हनता?"

"आम्ही, बाई, पाकीट मारण्यातलं मारणं म्हणत होतो."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं आई गं! चोरी? न्हाई वो साहेब, मी न्हाई केली!" आणि ती रडायला लागली. मलाही वाईट वाटलं. टेम्पोवाल्यानेही तिला शर्यतीत अंगठा दाबतानाच पाहिलं होतं.

"शेवटच्या फेरीनंतर घड्याळ कुठं ठेवलंस?"

"बाबांच्या हातात दिलं. तवाच त्यांना ष्टेजवर बोलावलं, पावन्यांचा सत्कार कराया."

म्हातारबुवांनी कपाळावर हात मारला. पाहुण्यांना शाल पांघरवायला दोन्ही हात लागतात. घड्याळ त्यांनी मिनिटभर ताटात नारळाशेजारी ठेवलं होतं. पुढे कार्यकर्त्यांनी रिवाजाप्रमाणे त्याच ताटात शाल घडी करून, नारळासकट सगळं पिशवीत भरून पाहुण्यांच्या गाडीत टाकलं.

पाहुणे मंचरचे कांद्याचे आडतदार. आम्ही घरी गेलो, त्यांनी कपाट उघडलं तर सत्काराच्या पिशव्यांची थप्पी! "राव, नारळ तेवढे काढून घेतो. शाली कोन बघतंय? हिकडची शाल तिकडच्या सत्काराला." नशीब, आमची शाल अजून फिरतीवर निघाली नव्हती. पंचांसमक्ष घडी उलगडली, आत घड्याळ! पंचनामा केला. गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली, आणि कोर्टाच्या आदेशाने घड्याळ मालकाला परत मिळालं. फिर्यादीने तिच्यापुढे हात जोडले.

कबुली मिळाली की पोलिसाला हायसं वाटतं. पण माणूस त्याच्या कामाच्या भाषेत बोलतो आणि आपण आपल्या खात्याच्या भाषेत ऐकतो. तेव्हापासून मी माझ्या हाताखालच्यांना सांगत आलो, शब्द ऐकलात ना, आता अर्थ विचारा.

पडताळणीचा दाखला आला तेव्हा ती ठाण्यात आली. कागदावर होतं, 'आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.'

"एवढंच? पोरगी चांगली हाय, आसं न्हाई लिहीत?"

"आमच्या खात्यात याहून चांगलं कुणाबद्दल लिहीत नाहीत."

ती हसली नाही. "साहेब, पोलीस आल्ते म्हनून गावात बोंब झालीय. आय घराबाहेर पडत न्हाई. ह्यो कागद वाचून तितं कुनाला काय कळनार? तुमी तोंडानं सांगाल?"

रविवारी तिला जीपमध्ये पुढं बसवून डोंगरातल्या त्या गावी गेलो. पोलिसांची गाडी बघून सगळा गाव गोळा झाला. तिची आई दारातच थिजून उभी राहिली होती. मी टोपी नीट केली आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगी चांगली आहे."