फैजपूरच्या पाकातला आलुबुखारा

पुण्याहून निघताना माझ्या सामानात चार पातळं, एक शाल, फिरकीचा तांब्या आणि किलोभर आलुबुखारा होता. आलुबुखाऱ्याचं कारण सांगायला जरा संकोच वाटतो, पण ते सांगितल्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. घर सोडलं की माझं पोट संपावर जातं. नाशिकला गेले तरी दोन दिवस, काशीला गेले होते तेव्हा तर पाच. आमच्या डॉक्टरांनी यावर सुकवलेला आलुबुखारा सांगितला होता. रोज पाच, जास्त नाही. "जास्त खाल्लेत तर प्रवास तुमच्या मर्जीनं व्हायचा नाही," असं ते म्हणाले होते.

नाताळच्या सुट्टीत मला धुळ्याला भावाकडे जायचं होतं. त्याआधी वाट वाकडी करून फैजपूरला विमलकडे चार दिवस राहायचं ठरलं. विमल माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन केळीच्या बागाईतदाराच्या घरात गेली, आणि बावीस वर्षं आमची गाठ फक्त पत्रातून पडत होती.

मनमाडला गाडी बदलून जळगावला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. थंडी अशी की फलाटावरचा चहावाला किटलीलाच हात शेकत होता. तिथून एस.टी.नं फैजपूर. भुसावळ मागं पडलं, तापी ओलांडली, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू झाली. पुण्यात आम्ही परसात एक केळ लावतो आणि तिचं कौतुक करतो. इथं मैलच्या मैल केळीच. घड घेऊन वाकलेल्या, एकीला एक टेकू दिलेल्या. शेजारच्या बाईला मी म्हटलं, "किती सुंदर दिसतं हो." ती म्हणाली, "तुम्हाले पानी नाही ना द्या लागत."

विमलच्या घरी शिरताच कळलं की घरात केळ्यांवरूनच भांडण चाललं आहे. तिच्या सासूबाई, अक्का, सत्तरीच्या पुढच्या, तोंडात एकही दात नाही. महिनाभर त्यांचं जेवण सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, केळं द्या. आणि अक्कांनी केळं बंद केलं होतं.

"केयं नको दाखू मले," त्या सुनेला सांगत होत्या. "जनम गेला केयं खाता खाता." (इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळं ते केयं, जळगाव ते जयगाव. मी दोन दिवसांत स्वतःला 'कुमुद कुयकर्णी' म्हणायला लागले होते.)

मी हातपाय धुऊन येते तो अक्का माझ्या पिशवीत डोकावून बसलेल्या. पुडी उघडून त्यांनी एक आलुबुखारा हातावर घेतला होता.

"हे काय काये काये बोरं आनले वं तू?"

मी डॉक्टर, पोट, सगळं सांगितलं. त्यांनी तो हिरड्यांनी चावून पाहिला, जमला नाही. "शिजवता येते का?" त्यांनी विचारलं.

शिजवता येतो हे मला ठाऊक होतं. पुण्यात आमच्या मागच्या बिऱ्हाडात एक गोव्याच्या बाई राहतात, त्या नाताळात साखर, दालचिनी आणि लवंग घालून आलुबुखारा लाल वाइनमध्ये शिजवतात. त्यांनी मला एकदा कृती तोंडपाठ करवली होती. मी ती अक्कांना सांगितली आणि वाइनच्या जागी येताच अडखळले. दारूबंदीचे दिवस, आणि विमलचे यजमान भास्करभाऊ गावच्या दारूबंदी समितीत. ते तिथंच पेपर वाचत होते.

"ताई, ती भानगड आपल्याकडं नको," ते शांतपणे म्हणाले. "पाकात करा."

भाऊ मळ्यात गेल्यावर अक्का उठल्या, देवघराशेजारचं कपाट उघडलं आणि एक चपटी बाटली माझ्यापुढं ठेवली. वैद्यांनी भूक लागावी म्हणून दिलेलं द्राक्षासव. जवळजवळ भरलेलं.

"ही द्राक्षाचीच हे ना?" अक्का म्हणाल्या. "अन् वैद्याची हे. हिले कोनाची बंदी?"

 विमल हसू दाबायला चुलीकडे वळली.

आलुबुखारा रात्रभर कोमट पाण्यात भिजवला. सकाळी तो टम्म फुगला होता आणि पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. ते टाकायचं नाही. त्याच पाण्यात साखर घालून एकतारीच्या अलीकडचा पाक केला. दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा आणि संत्र्याची साल. सालीचा पांढरा भाग मी सुरीनं खरवडून काढला, नाहीतर कडू होतं. मग आलुबुखारा सोडून मंद आचेवर झाकण ठेवलं. ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं. फळ फाटलं तर मजा गेली. पाक मधासारखा झाल्यावर उतरवला आणि अर्धी वाटी द्राक्षासव वरून ओतलं. घरभर असा वास सुटला की मजूर बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्कांनी मी पाठ फिरवल्यावर आणखी एक वाटी ओतलं, हे मला नंतर कळलं.

बिया काढून पाच आलुबुखारे मी त्यांना वाटीत दिले. अक्कांनी डोळे मिटून ते खाल्ले, वाटीला लागलेला पाक बोटानं पुसून घेतला, आणि दुपारी महिन्यात पहिल्यांदा भरीत-भाकरी मागितली. विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर मी डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून पाहुणे आले. विमलची मुलगी मंगल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला पाहायला. मुलगा प्रभाकर पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, वडील नाहीत, म्हणून सोबत मामा. बोलत होते ते फक्त मामा. केळीच्या बागेपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांनी काहीतरी उणं काढलं. मंगलला बसवलं, उठवलं. मग म्हणाले, "जरा चालून दाखव." ती चालली. "या बाजूनं." ती पुन्हा चालली. "एकदा सावकाश." तिसऱ्यांदा चालताना तिनं मान खाली घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते. शेवटी मामांनी तिला पेपर वाचायला लावला, आणि ती बाजारभाव वाचत असताना ते भाऊंशी हवापाण्याबद्दल बोलत राहिले. प्रभाकर जमिनीकडे पाहत होता. मला त्याचा राग आला.

अक्का कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होत्या. जेवणं झाली, वरण-बट्टी झाली, आणि त्या सुनेला म्हणाल्या, "ते कुमुदचं कायं पातेलं आन."

मामांनी पहिली वाटी संपवली आणि पहिल्यांदाच कशाला नावं ठेवली नाहीत. "हे परदेशी आहे का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच केलं," अक्का म्हणाल्या आणि दुसरी वाटी भरली. मग तिसरी. प्रभाकरच्या वाटीत मात्र त्यांनी तीन आलुबुखारे घातले आणि पळी उचलून घेतली. मी त्यांच्या कानाशी लागले, "अक्का, पुरे. पाचच खायचे असतात."

"पाव्हन्याले नाही कसं म्हनू?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निरागस होता की मी गप्प बसले. खरं सांगायचं तर गप्प बसणं मला जड गेलं नाही. ताटं उचलताना मी मामांच्या बशीतल्या बिया मोजल्या. छत्तीस.

पाहुणे रात्री मुक्कामालाच होते; पहाटे मामा ताजेतवाने उठले. जळगावपर्यंत आणि पुढं धुळ्याच्या गाडीत आम्ही तिघं बरोबर होतो. एरंडोल येईपर्यंत मामा बोलत होते. एरंडोल गेल्यावर बोलणं थांबलं. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली. मग ते उठले आणि कंडक्टरच्या कानात काहीतरी म्हणाले.

गाडी थांबली. मी मुकाट्यानं फिरकीचा तांब्या पुढं केला. मामा कपाशीच्या शेतात दिसेनासे झाले. पारोळ्यानंतर गाडी पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला तेव्हा कंडक्टर अहिराणीत म्हणाला, "बठ्ठा लोके खोळंबी ग्यात, मामा." (सगळे लोक खोळंबलेत.) मागून कुणीतरी, गाडी धुळ्याला पोचेल तोवर पुढच्या सालच्या कपाशीला बोंडं येतील, असं म्हणालं. गाडीभर हसू पसरलं.

प्रभाकर उठला. "तुम्ही गाडी न्या. आम्ही इथंच उतरतो," तो म्हणाला आणि मामांची पिशवी घेऊन उतरला. त्याच्या मागोमाग मीही उतरले. बसून राहणं मला जमलं नाही.

रस्त्याकडेला निंबाखाली एक चहाची टपरी होती. मामा शेतात, आम्ही दोघं बाकावर. मी त्याला सगळं सांगितलं: पोट, डॉक्टर, पाच आणि छत्तीस.  तो म्हणाला, "माझ्या वाटीत तीनच घातले. मला वाटलं, आजींना मी पसंत नाही."

"उलट आहे," मी म्हटलं.

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "मला तिच्याशी बोलायचं होतं. नुसतं विचारायचं होतं, पुढं शिकायचं आहे का. मामांपुढं माझं तोंड उघडत नाही. लहानपणापासून त्यांनीच वाढवलं."

तेवढ्यात मामा आले, घामानं भिजलेले, पण चेहऱ्यावर तोच ताठा. बसता बसता म्हणाले, "प्रभाकर, हे घर नको. ज्यांचं अन्न पहिल्याच दिवशी बाधतं, तिथं सोयरीक करायची नाही."

 मंगलचं लग्न माझ्या पुडीनं मोडत होतं. मी म्हटलं, "त्यांचं अन्न नव्हतं, मामा. आलुबुखारा माझा होता, शिजवला मी. तो पोट साफ करायलाच खातात. पाच खायचे असतात. तुम्ही छत्तीस खाल्लेत."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बाई, सांगितलं का नाही?"

 "तुम्ही पोरीला तीनदा चालायला लावलंत म्हणून," मी म्हटलं.

 टपरीवाल्यानं न मागता लिंबू पिळलेला कोरा चहा मामांपुढं ठेवला, तो त्यांनी फुंकून फुंकून संपवला. मग ते प्रभाकरला म्हणाले, "तू मघाशी या बाईंशी काय बोलत होतास?"

"मंगलबद्दल," प्रभाकर म्हणाला. "मी तिला स्वतः पत्र लिहिणार आहे."

 पुढच्या गाडीत मामांनी खिडकीची जागा मला दिली. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, ती वस्तू पुण्यात कोणत्या दुकानी मिळते. दहा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, म्हणाले.

धुळ्यात भावानं मला पांझरेकाठ दाखवला, सरळ रेघेत आखलेले रस्ते दाखवले, तिखट शेवभाजी खायला घातली. पुडी फैजपूरला संपली होती, त्यामुळे त्या चार दिवसांत पोटानं संप मोडला नाही. ही शिक्षा मी तक्रार न करता भोगली.

पुण्याला परतल्यावर महिन्याभरानं विमलचं पत्र आलं. प्रभाकर एकटा येऊन गेला होता. मंगलशी ओट्यावर तासभर बोलला, आणि परीक्षा झाल्यावर लग्न ठरलं. साखरपुड्याला मामा आले, चहाचंही कौतुक करून गेले. पण शेवटी विमलनं लिहिलं होतं, "अक्का तुझ्यावर रागावल्या आहेत. टपरीवर तू सगळं आपल्या अंगावर घेतलंस ते प्रभाकरनं सांगितलं. त्या म्हणतात, काम मी केलं अन् नाव तिनं घेतलं."

प्रवासाहून आलं की आपण काय पाहिलं ते सांगतो. आपल्या हातून काय घडलं ते बहुधा गाळतो, आणि दुसऱ्यानं केलेलं आपल्या नावावर जमा झालं तर तेही राहू देतो. अक्कांचा राग रास्त आहे. म्हणून हे सगळं लिहून काढलं. छत्तीसपैकी निदान एकतीस त्यांचे आहेत.